दगडावर आकडा आहे, नावं नाहीत: गावाची सैनिक नोंदवही कशी करायची

पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारनं भरतीच्या गावांमध्ये दगडी पाट्या बसवल्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांत त्या अजून दिसतात. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या आवारात, कुठे देवळाजवळ चुन्याखाली बुजलेल्या. मजकूर बहुतेक ठिकाणी एकाच धाटणीचा असतो. १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. झालं, पाटी संपली. ते कोण होते, कुणाचे होते, ते दगडाला माहीत नाही.

इराकमधल्या बसरा स्मारकाचंही तसंच. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत पडलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी ते उभारलं. तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात अडकलेल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी याच मोहिमेतल्या. स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, पण हिंदी शिपायांचे फक्त आकडे आले.

आपण आज थोड्याफार फरकानं तेच करतो. २६ जानेवारीला फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होतं, ‘आपल्या गावचे सुपुत्र’ म्हणून टाळ्या होतात. पण गावातून आजवर सैन्यात कोण कोण गेलं, हे विचारलं तर यादी कुणाकडेच नसते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सत्कार पुढच्या वर्षी करा, आधी नावं लिहा. ती कशी लिहायची आणि लिहून झाल्यावर त्या वहीचा उपयोग कसा करायचा, ते इथे सांगतो. गावासाठी लिहिलंय, पण शहरातल्या एखाद्या वॉर्डाला किंवा सोसायटीलाही हीच पद्धत चालेल.

वहीत कोण असेल, हे आधी ठरवा

या कामाला तीन-चार माणसं पुरतात. त्यात एक स्वतः माजी सैनिक हवा, कारण हुद्दे आणि पलटणींची नावं त्याला कळतात. एक बाई हवीच, कारण अर्धी माहिती घरातल्या बायकांकडे असते आणि ती परक्या पुरुषाला सांगितली जात नाही. एखादा कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी रेकॉर्डिंग आणि टायपिंगसाठी घ्या. आणि एक जाड, शिवणीची, कापडी बांधणीची वही आणा. फाइलमधले सुटे कागद वर्षभरात हरवतात.

वाद होतो तो पुढच्या प्रश्नावर: कुणाला धरायचं? भूदल, नौदल, हवाईदल यांवर कुणाचं दुमत नसतं. पण सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल हे गृह मंत्रालयाखाली येतात आणि सरकारी भाषेत तिथून निवृत्त झालेल्याला ‘माजी सैनिक’ म्हणत नाहीत. सवलतींसाठी तो फरक खरा आहे. गावाच्या वहीसाठी मला तो मान्य नाही. छत्तीसगडच्या जंगलात दहा वर्षं काढलेल्या माणसाला वेगळं काढायचं कारण गावाकडे नाही. त्याची सेवा कुठल्या दलातली, ते स्पष्ट लिहा, पण त्याला वहीत घ्या.

तसंच नोकरीत असताना आजारानं किंवा अपघातात गेलेल्यांचं. हिमस्खलनात गेला, गाडी दरीत गेली, हृदय थांबलं, म्हणून त्याची नोंद खालच्या दर्जाची होत नाही. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या मुली हटकून विसरल्या जातात, त्या लिहा. पेन्शनीच्या आधीच घरी परतलेले आणि म्हणून गप्प राहणारे असतात, त्यांच्याकडे मुद्दाम जा.

माहिती कुठे सापडते

पहिली फेरी गावातच. ग्रामपंचायत, शाळेचं जनरल रजिस्टर, पोस्टमन आणि गावातली सगळ्यात म्हातारी माणसं. जुन्या पोस्टमनला विचारलंत तर मनीऑर्डरी कुठल्या घरी यायच्या, हे तो बोटांवर सांगतो.

दुसरी फेरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. महाराष्ट्राच्या सैनिक कल्याण विभागाचं हे जिल्ह्यातलं कार्यालय. माजी सैनिक, वीरपत्नी आणि अवलंबितांची नोंदणी तिथे असते. लेखी अर्ज घेऊन जा आणि नोंदवही कशासाठी करताय ते त्यात लिहा. पत्ते-फोनची यादी हातात मिळेल अशी अपेक्षा धरू नका. ती खासगी माहिती आहे आणि ती त्यांनी जपायलाच हवी. तुमच्याकडची नावं पडताळायला मात्र मदत मागता येते.

तिसरी फेरी घराघरातल्या ट्रंकांची, आणि तीच सगळ्यात मोलाची. डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवा संपताना सैनिकाला मिळणारं पुस्तक, असेल तर त्यात नंबर, हुद्दा, भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख, मिळालेली पदकं असं सगळं असतं. ते नसेल तर पदकं बघा. पहिल्या महायुद्धातलं गोल पदक हातात आलं तर ते आडवं धरून भिंगानं त्याची कड वाचा. तिथे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घरच्यांनी शंभर वर्षं ते पदक देव्हाऱ्यात ठेवलेलं असतं आणि कडेवर पणजोबाचं नाव आहे हे कुणाला माहीतच नसतं. चिंच लावून किंवा ब्रासोनं ते घासू नका, दरवेळी कडेवरचं अक्षर थोडं झिजतं. काही घरांत तळहाताएवढी कांस्याची गोल थाळी निघते, तिच्यावर उभी स्त्री, सिंह आणि एक नाव. ती त्या युद्धात मेलेल्यांच्या घरी दिलेली आहे. तिच्यावर हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, मरणात सगळे सारखे म्हणून.

अलीकडची पदकंही बोलतात. पूर्वी स्टार म्हणजे १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर, पश्चिमी स्टार म्हणजे त्याच युद्धात पश्चिमेला. समर सेवा स्टार १९६५चा. ऑपरेशन विजय स्टार कारगिलचा. आजोबा ‘कुठेतरी बांगला बाजूला होतो’ एवढंच सांगत असतील आणि पेटीत पूर्वी स्टार निघाला, तर दोन्ही गोष्टी जुळल्या.

महायुद्धांत परदेशी पडलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची माहिती इंटरनेटवर फुकट शोधता येते. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या नोंदींत पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. गोम इंग्रजी स्पेलिंगची आहे. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून आडनावाची चार-पाच रूपं करून बघा, शेवटचं अक्षर बदला, नुसतं गाव आणि पलटण टाकून बघा. पुण्यात खडकीला याच संस्थेची युद्धस्मशानभूमी आहे. शाळेची सहल तिकडे न्यायला हरकत नाही.

पलटण कळली की तिच्या रेजिमेंटल सेंटरशी, म्हणजे मुख्य केंद्राशी, पत्रव्यवहार करता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करातले इंजिनिअर) खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पत्रात नंबर, नाव, भरतीचं साल आणि सैनिकाशी नातं द्या. नंबर नसेल तर उत्तराची फार आशा धरू नका.

गाठ घेऊन बसणं

इथे घाई केली तर सगळं काम वाया जातं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी एकदा नुसतं भेटून या, वही-मोबाइल न काढता. कशासाठी येणार आहोत ते सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी जा. म्हातारी माणसं संध्याकाळी थकलेली असतात. रेकॉर्डिंग करू का, हे विचारा आणि ‘नको’ म्हणाले तर खरंच करू नका. एका बैठकीला तासभर पुष्कळ झाला.

पहिला प्रश्न युद्धाचा नको. ‘तुमचा नंबर काय होता?’ असं विचारा. ज्याला सकाळचं जेवण आठवत नाही असा माणूसही आपला आर्मी नंबर एका दमात सांगतो, आणि सांगताना पाठ ताठ होते. मग भरतीकडे जा. कुठल्या मैदानावर भरती झाली, बरोबर गावातलं कोण होतं, कोण नापास होऊन परत आलं, घरी सांगून गेलात की न सांगता. ट्रेनिंगमध्ये पहिल्या महिन्यात काय जड गेलं. उस्ताद कसा होता. पहिला पगार किती आणि तो कुणाच्या हातात दिला. अशा वाटेनं गेलं की युद्धाचं बोलणं आपोआप येतं, आणि नाही आलं तर त्यालाही कारण असतं.

‘किती मारले?’ हा प्रश्न कुणीही, कधीही विचारू नये. लहान मुलं विचारतात, त्यांना आधी समजावून न्या. ‘भीती वाटली का?’ हाही नको. त्याऐवजी ‘तेव्हा तुमच्या शेजारी कोण होतं?’ असं विचारा. मी ऐकलेल्या जवळजवळ प्रत्येक बोलण्यात सगळ्यात जपून सांगितलेली गोष्ट हीच होती: शेजारी कोण होतं. एका आजोबांनी १९७१ बद्दल अर्धा तास सांगितलं, त्यात स्वतःबद्दल एक वाक्य नव्हतं. सगळं एका जोडीदाराबद्दल, जो चहाचा मग नेहमी त्यांच्याच पाठीच्या पिशवीला बांधायचा आणि जो परत आला नाही. त्याचं गाव त्यांना आठवत होतं, त्याच्या बहिणीचं नावही. ते आम्ही आमच्या वहीत लिहिलं. तो आमच्या गावचा नव्हता, तरी लिहिलं.

माणूस मध्येच थांबला तर तुम्हीही थांबा. पुढचा प्रश्न टाकून ती शांतता भरू नका. डोळे भरून आले तर रेकॉर्डिंग बंद करा, पाणी द्या, हवामानाचं बोला. झोप लागत नाही, फटाक्यानं दचकायला होतं, असं काही बोलण्यात आलं तर ते वहीत लिहायचं नसतं. घरच्यांशी बाजूला बोला. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक असतं, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक कुणालाही, केव्हाही लावता येतो.

घरातल्या बाईंशी वेगळं बसा. नवरा नसताना शेती कुणी कसली, मुलं कशी वाढवली, पत्र किती दिवसांनी यायचं, कुणाकडून वाचून घ्यायच्या, तार म्हटलं की काय व्हायचं. वीरपत्नीशी बोलताना ‘त्यांच्या’ शेवटच्या दिवसाबद्दल आपण होऊन विचारू नका. ते लग्नाआधी कसे होते, सुट्टीवर आले की काय करायचे, हे विचारा. तिच्या नोंदीत तिचं स्वतःचं नाव पूर्ण लिहा. अमक्याची पत्नी एवढ्यावर ती नोंद संपता कामा नये.

जे आज सेवेत आहेत किंवा नुकतेच परतलेत, त्यांच्याकडून नेमणूक, हालचाल, शस्त्रं यांविषयी काहीही विचारू नका. ते सांगणार नाहीत, आणि विचारून आपण त्यांना अडचणीत टाकतो.

लिहिताना आणि पडताळताना

प्रत्येकाला एक पान. पूर्ण नाव, जन्मसाल, आई-वडील, दल आणि पलटण, भरतीचं साल, शेवटचा हुद्दा, कुठल्या मोहिमांत होते, पदकं, निवृत्तीचं किंवा मृत्यूचं साल, आणि खाली त्यांच्याच शब्दांत पाच-दहा ओळी. सेवेत असलेल्यांची पलटण आणि सगळ्यांचे पत्ते, फोन, पेन्शनचे कागद या वहीत येणार नाहीत. कामासाठी लागतात ते वेगळ्या छोट्या वहीत, एकाच जबाबदार माणसाकडे.

हुद्द्याची चूक सगळ्यात जास्त होते. आमच्याकडे फौजेतून आलेला कुणीही ‘मेजर’. प्रेमानं म्हणतात, चावडीवर ठीक आहे. पण एका कार्यक्रमाची यादी मी तशीच लिहिली आणि निवेदकानं तशीच वाचली. नाव घेतलेले गृहस्थ सावकाश उठले, माइकजवळ आले आणि म्हणाले, ‘मी नायब सुभेदार. मेजर आमचे साहेब होते. ते तिकडंच राहिले.’ आणि जागेवर जाऊन बसले. त्या दिवसापासून मी प्रत्येक हुद्दा त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना वाचून दाखवल्याशिवाय पक्का करत नाही. नाईक, हवालदार, सुभेदार, मानद कॅप्टन, नौदलात पेटी ऑफिसर, हवाईदलात सार्जंट, जे असेल ते तसंच. सेवापदक आणि शौर्यपदक यांतही घोळ होतो. प्रामाणिक सेवेचं पदक लहान नसतं; त्याला शौर्यपदक म्हणून मोठं करायला गेलं की उलट त्या माणसाला अवघडायला होतं.

शौर्यपदकवाल्यांबद्दल आणखी एक. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना इटलीतल्या १० जुलै १९४४च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळालं. माणगावात त्यांचा पुतळा आहे. ते ज्या मशीनगनवर एकटे धावून गेले, तिच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मारले गेले होते किंवा जखमी झाले होते. ते मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान कुठल्या कुठल्या गावचे असतील? त्यांच्यातला एखादा तुमच्याही गावचा असू शकतो.

फलक करायचा असेल तर

वही पूर्ण झाल्याशिवाय फलकाला हात लावू नका. नावं हुद्द्यानं लावू नका, सालानं लावा. सुभेदार आणि शिपाई एकाच मापाच्या अक्षरात. कोरण्याआधी मसुदा महिनाभर ग्रामपंचायतीत लावून ठेवा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, वडिलांचं नाव, राहून गेलेला माणूस हे सगळं त्या महिन्यात पुढे येतं. खाली मोकळी जागा सोडा. देणगीदारांची नावं या दगडावर नकोत, हवी तर पावतीवर असू द्या. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात २५ फेब्रुवारी २०१९पासून स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावं ग्रॅनाइटवर आहेत. तुमच्या गावच्या कुणाचं नाव त्यात असेल तर तिथल्यासारखंच ते आपल्या फलकावर आहे ना, ते जुळवून घ्या.

अनावरणाला फलक तिरंग्यानं झाकू नका, ध्वजसंहितेत ते चालत नाही. साधं कापड वापरा. सैनिकाच्या अंत्ययात्रेत तिरंगा पार्थिवावर असतो तेव्हा केशरी पट्टा डोक्याकडे येतो, आणि अग्नी देण्याआधी तो काढून घेतात. गर्दीत हे सांभाळणारा एक माणूस आधीच नेमलेला बरा.

वर्षातले दिवस

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन, १९४९पासूनचा. लाल, गडद निळा आणि फिका निळा अशा तीन रंगांचा छोटा ध्वज लावतात आणि निधी गोळा होतो. तो अधिकृत मार्गानंच, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे द्या आणि पावती घ्या. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन; १९५३ साली याच दिवशी लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख जनरल करिअप्पा, पुढे फील्ड मार्शल, निवृत्त झाले. संक्रांत असते, त्यामुळे गावाला विसर पडतो. २६ जुलै कारगिलचा, १६ डिसेंबर १९७१च्या विजयाचा. सगळे दिवस करू नका, एक-दोन नीट करा.

त्याहून मोठा दिवस म्हणजे गावातल्या हुतात्म्याचा स्वतःचा दिवस. तो कॅलेंडरवर नसतो, तुमच्या वहीत असतो. त्या सकाळी चार माणसं त्या घरी जाऊन बसली तरी बास. माइक नको. पहिल्या वर्षी सगळा तालुका येतो, पाचव्या वर्षी कुणी येत नाही, आणि आईला मात्र तारीख सुटलेली नसते.

सभा घ्यायचीच तर पाऊण तासात आटपा. म्हाताऱ्यांना सावलीत, पुढच्या रांगेत, पाठ टेकायच्या खुर्च्या. पाहुण्यांची वाट बघत त्यांना बसवून ठेवू नका. निवडणुकीचं भाषण होणार नाही, हे वक्त्याला आदल्या दिवशी सांगा. शाल द्या, पण तिच्यासोबत वहीतलं त्यांचं पान स्वच्छ टाइप करून द्या. पदकं ज्याची तो डाव्या छातीवर लावतो; गेलेल्या सैनिकाची पदकं त्याचे वारस उजव्या बाजूला लावतात. वीरमातेला हे कुणी सांगितलेलं नसतं, तुम्ही लावून द्या.

जे आत्ता सीमेवर आहेत

त्यांना सगळ्यात मोठी मदत म्हणजे त्यांच्या घराची काळजी. मोजणीची नोटीस आली, आईला दवाखान्यात न्यायचंय, बोअर बिघडलाय, आणि मुलगा दीड हजार मैलांवर फोन लावत बसलाय. प्रत्येक सेवेतल्या सैनिकाच्या घरामागे गावातला एक माणूस नेमा, नाव ठरवून, आणि त्याचा नंबर त्या सैनिकाकडे द्या. जमिनीच्या वादात किंवा सरकारी कामात अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न असेल तर सैनिकी मुला-मुलींची वसतिगृहं आहेत, त्यांची चौकशी वेळेत करा.

पत्र लिहा. फोन असला तरी लिहा, कागद पुन्हा वाचता येतो. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय), घरच्यांकडे असेल तसा पत्ता घाला. त्यावर ठिकाण नसतं आणि नसायलाच हवं. शाळेच्या मुलांकडून लिहून घ्यायचं तर ‘आपण शूर आहात’ हे फळ्यावरून उतरवून घेऊ नका. पाऊस किती पडला, बैलाचं काय झालं, कबड्डीत कोण हरलं, हे लिहू द्या.

आणि तो कुठे आहे, कधी येतोय, कुठल्या गाडीनं येतोय, हे व्हॉट्सअॅपवर टाकू नका. गणवेशातला फोटोही त्याला विचारल्याशिवाय नाही. स्वागताची कमान तो घरी पोहोचल्यावर लावली तरी चालते.

नोव्हेंबरात एक काम करा. पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो, तो आता ‘जीवन प्रमाण’ या सरकारी डिजिटल सोयीनं मोबाइलवरही निघतो. वही करणाऱ्या पोरांनी दोन दिवस घरोघर जाऊन माजी सैनिक आणि वीरपत्नींचे दाखले काढून द्यावेत. ओटीपी कुणाला सांगू नका, हेही त्याच वेळी सांगून ठेवा.

वहीच्या तीन प्रती असू द्या: मूळ ग्रामपंचायतीच्या कपाटात, एक शाळेत, एक स्कॅन करून. दरवर्षी १४ जानेवारीला ती उघडा आणि सगळी नावं मोठ्यानं वाचा. पन्नास नावांना पाच मिनिटं लागतात. त्या वर्षी जे कायमचे घरी परतले असतील, त्यांच्या पानावरचा निवृत्तीचा रकाना त्यांच्याच हातानं भरून घ्या.